पूर्वेस माझी नर्सरी

दोन हजार तेरा साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. त्या साली माझी नर्सरी जाणार होती. राहिली ती अशा माणसामुळे, जो मातीला हात लावत नसे.

मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढे बापाने हातात खुरपं दिलं. बाप ग्वाल्हेरकडून भोपाळला आला तो कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यांवर माळीकाम करायला. पिपलानीत रस्त्याच्या कडेला एक उघडी पट्टी होती, तिथे त्याने संध्याकाळी चार गमले मांडले. चाराचे चाळीस झाले, चाळीसाचे चारशे. मग मी आलो. आमच्या पाठोपाठ तिथे दहा नर्सऱ्या आणखी झाल्या. जागा कोणाची, हे आम्ही कोणाला विचारलं नाही आणि आम्हाला कोणी विचारलं नाही.

तो माणूस पहिल्यांदा दिसला त्या दिवशी आमच्याकडे ट्रक आला होता. ज्या दफ्तराकडे रस्त्याकडेची जागा होती तिथले चार लोक शेजारच्या रशीदभाईंचे गमले उचलून ट्रकात टाकत होते. रशीदभाई हात जोडून उभे. बसस्टॉपवर एक उंच, वाळका म्हातारा बसची वाट बघत होता. काखेत छत्री, हातात कापडी पिशवी, ऊन भाजत असताना कोटाची सगळी बटणं लावलेली. तो तिथून चालत आला आणि ट्रकवाल्यांना हळूच विचारलं, आदेश क्रमांक काय?

ते म्हणाले, कसला आदेश, साहेबांनी सांगितलं.

त्याने पिशवीतून वही काढली, चष्मा लावला आणि एकेकाचं नाव विचारायला लागला. बापाचं नाव, हुद्दा. दुसऱ्या नावाला ट्रकातले गमले खाली उतरायला लागले. रशीदभाईंनी त्याला एक गुलाब द्यायला घेतला, तर हा दोन पावलं मागे सरला. म्हणाला, मला नको, माझ्या हातात मरेल. आणि तितक्यात आलेल्या बसमध्ये चढून गेला.

पुढच्या मंगळवारी परत आला. मग दर मंगळवारी.

नाव मी लिहीत नाही. आम्ही त्यांना सेक्रेटरी म्हणायचो, कारण त्यांनी आमची अकरा जणांची संस्था काढली आणि स्वतःला सेक्रेटरी नेमलं. अध्यक्ष कोणीच नव्हता. ते म्हणायचे, अध्यक्षाला हार लागतात, सेक्रेटरीला फक्त टाचण्या लागतात. सचिवालयात आवक-जावक शाखेत त्यांनी सगळी नोकरी काढली होती. म्हणजे बाहेरून आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरात लिहायचं. नागपूरहून दफ्तरं भोपाळला आली तेव्हा त्यांचे वडील त्या दफ्तरांबरोबर आले, आणि हे वडलांचं बोट धरून. तुळशीनगरच्या सरकारी क्वार्टरात वाढले, मग स्वतःची नोकरी आणि तिथलंच दुसरं क्वार्टर. निवृत्त झाल्यावर अरेरा कॉलोनीत कोणाच्या तरी गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहायचे. बायको आधीच गेलेली, मूल नाही.

मंगळवारी अकराच्या बसने उतरायचे. बसायला आमची लाकडी खुर्ची होती, तिच्यावर कधी बसले नाहीत. माझ्याकडे एक तडकलेला मोठा गमला होता, तो उलटा घालून त्यावर रुमाल पसरून बसायचे. चहा घ्यायचे तो स्वतःच्या पेल्यातून, पेला घरून आणायचे, कापडी पिशवीत गुंडाळलेला. हात कायम पाठीमागे बांधलेले. पानाला बोट लावलं नाही कधी. मी एकदा म्हटलं, साहेब, चावत नाही पान. तर म्हणाले, "मी बदलीचा माणूस. हात लावला की जीव लागतो."

गमला म्हटलं की त्यांना राग यायचा. "कुंडी म्हणा हो, मराठी ना तुम्ही." मी मुद्दाम गमलाच म्हणायचो.

आमचं काम त्यांना काडीइतकं कळत नव्हतं, पण आमच्या कामाचे कागद सगळे कळत होते. हिरव्या जाळीला सरकारी मदत मिळते हे आम्हाला त्यांनी सांगितलं. पाण्याच्या टँकरची पाळी त्यांनी लावून घेतली. कृषी कॉलेजातून कलमं बांधायची पुस्तिका आणली आणि उलट्या गमल्यावर बसून आम्हाला वाचून दाखवली, बापजन्मी कलम न बांधलेल्या माणसाने, चाळीस वर्षं कलमं बांधणाऱ्यांना. रशीदभाई मन लावून ऐकायचे आणि मधेच विचारायचे, जनाब, चाकू कोणत्या हातात धरायचा लिहिलंय? हे खरंच पान उलटून शोधायचे.

बंगल्यांच्या बागा करणारा एक ठेकेदार आमच्याकडून रोपं न्यायचा आणि उन्हात वाळवून मारली की पौधा खराब दिला म्हणून आमच्या नावाने ओरडायचा. सेक्रेटरींनी एक कागद बनवला. रोप गाडीत चढलं की त्याची तहान नेणाऱ्याची, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली ठेकेदाराची सही घेतली. तो हसत सही करून गेला. पुढच्या वेळी ओरडला नाही.

पण त्यांचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे एक एप्रिलचा अर्ज. दर वर्षी एक एप्रिलला, दफ्तराचं नवं रजिस्टर उघडलं की, त्यात पहिल्या पानावर आमचे कागद चढले पाहिजेत. एकेका नर्सरीचा वेगळा अर्ज. त्यात काय असायचं? काहीच नाही. अमुक माणूस अमुक जागी रोपं लावतो. जागेची चौहद्दी, म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते. आणि शेवटी, कृपया नोंद घ्यावी. मागणी एक नाही. दफ्तरातले बाबू पोट धरून हसायचे. एक एप्रिलला म्हातारा स्वतःच मूर्ख बनायला येतो म्हणायचे. सेक्रेटरी आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. परत येऊन आम्हाला सांगायचे, "मागितलंच नाही, तर नाही म्हणणार कशाला? झाड उपटता येतं. आवक नंबर उपटता येत नाही."

दहा जणांनी सह्या केल्या. मी नाही केली.

का नाही केली, ते सांगतो. माझ्या बापाने साहेब लोकांपुढे फार मान वाकवली होती, ती मी बघितली होती. कागद म्हटला की वरती "सेवा में" आणि खाली "प्रार्थी". मी कोणाचा प्रार्थी नाही. मी त्या पट्टीवर दगड वेचले, शेण टाकलं, माती केली. ती माझी आहे हे मी कोणाला का लिहून कळवू? सेक्रेटरींनी समजावलं, चिडले, आठवडाभर माझ्याकडचा चहा सोडला. मी ऐकलं नाही. मग त्यांनी माझं नाव ठेवलं, बिनअर्जाचे. "काय बिनअर्जाचे, शेवंती काय म्हणते?" मलाही ते नाव आवडायचं, खोटं कशाला बोलू.

असं नऊ वर्षं चाललं.

मग रस्ता रुंद करायचा ठरलं. दफ्तराने कळवलं की एक साहेब येऊन प्रत्येक जागेची पाहणी करून पंचनामा करतील. जी नर्सरी पूर्वीपासून चालू आहे तिचा विचार होईल, जी जागा रिकामी असेल ती घेतली जाईल. पाहणीचा दिवस सांगितला नव्हता. सेक्रेटरी अकरा ठिकाणी जाऊन एकच वाक्य बोलून आले. माझ्याकडे येऊन दोनदा बोलले, कारण माझा कागद नव्हता. "पाहणी होईपर्यंत जागा उघडी पडू देऊ नका. एक दिवसही नाही."

जानेवारीचा महिना. ज्याने नर्सरी केली त्याला कळेल, जानेवारीत आमची रोपं म्हणजे लग्नातल्या पोरी. डहेलिया थाळीएवढा, पिटुनिया गमल्याबाहेर सांडतोय. अशात त्याच दफ्तराकडून चिठ्ठी आली. मोठा कार्यक्रम आहे, मंचासाठी फुलांचे अडीचशे गमले दोन दिवस पाठवा. असे गमले आम्ही नेहमीच द्यायचो, सगळ्या नर्सऱ्यांतून थोडे थोडे. या वेळी मी म्हटलं, थोडे थोडे कशाला? माझ्या एकट्याकडे अडीचशे आहेत. सगळ्या भोपाळने बघावं, मंचावर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाचा हात. रशीदभाई म्हणाले, भाईजान, सेक्रेटरीसाहब ने मना किया है. मी म्हटलं, दोन दिवसांत काय आभाळ कोसळतं?

दोन ट्रक भरून गेले. मोठे, छोटे, भिंतीकडचे फर्नसुद्धा. मी मागोमाग गेलो आणि मंचापुढे तासभर उभा, नुसता बघत राहिलो. नंतर आयुष्यात तितका ताठ मी कधी उभा राहिलो नाही.

त्या तासात इकडे पाहणी झाली.

पंचनाम्यात लिहिलं, जागा रिकामी आढळली. खुंटीला फाटकी जाळी. पंधरा दिवसांत ताबा द्यावा, काही म्हणणं असेल तर सुनवाईला हजर राहावं.

मंगळवारी सेक्रेटरी आले. मी त्यांचा गमला उलटा करून ठेवला होता. ते बसले नाहीत. नोटीस उभ्याउभ्या वाचली, घडी घातली, परत दिली. आल्याआल्या बिनअर्जाचे म्हणून हाक नाही, शिवी नाही, काही नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, साहेब, मी जागा सोडणार नाही, बुलडोझरपुढे आडवा पडेन. ते म्हणाले, "आडव्या माणसाचा पंचनामा सोपा असतो." मग विचारलं, गमले मागवले ती चिठ्ठी कुठे आहे?

चिठ्ठी मी कधी ठेवायचो का? मी म्हटलं, गेली.

कुठे गेली?

तेव्हा माझ्या बायकोने सांगितलं. तिने त्या मंगळवारी सकाळीच गुलाबाच्या काड्या कलमासाठी कापल्या होत्या आणि त्या ओल्या कागदात गुंडाळून, वरून ओलं पोतं लावून सावलीत ठेवल्या होत्या. घरात जो कागद पडला असेल तो आम्ही त्याच कामाला वापरतो. सेक्रेटरी म्हणाले, दाखवा.

सहा जुड्या होत्या. पोत्यापाशी ते गुडघ्यावर बसले, कोटासकट. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आमच्या मातीला हात लावला. एकेक जुडी सोडायची, कागद सोलायचा, काट्यांनी बोटं रक्ताळली. वर्तमानपत्र, वर्तमानपत्र, पोराच्या वहीचं पान. पाचव्या जुडीत ती निघाली. शाई पसरली होती, पण दफ्तराचा शिक्का आणि तारीख वाचता येत होती. त्यांनी ती कोटाच्या आतल्या बाजूला छातीशी धरून वाळवली. अर्धा तास तसेच बसून राहिले. आणि मग उलट्या गमल्यावर बसून चहा मागितला.

मी म्हटलं, चिठ्ठीने झालं का मग काम?

"चिठ्ठीने एवढंच कळेल, की त्या दिवशी रिकामी का होती. त्याआधी भरलेली होती हे कशावरून, बिनअर्जाचे?"

बापाच्या काळापासूनची जागा, आणि माझ्याकडे एक कागद नाही. त्या रात्री मला कळलं की मी नुसता मान ताठ ठेवत होतो, मुळं नव्हती खाली.

सुनवाईला मी धुतलेला सदरा घालून गेलो. समोर एक तरुण साहेब, बाजूला बाबू. साहेबांनी विचारलं, जुना काही पुरावा? सेक्रेटरींनी पिशवीतून एक गठ्ठा काढला. लाल फीत बांधलेला. तो माझा नव्हता, रशीदभाईंचा होता. नऊ वर्षांचे नऊ अर्ज, प्रत्येकावर आवक नंबर. ते त्यांनी टेबलावर एकापुढे एक मांडले, बोटावर पट्टी होती त्या बोटाने एकेका कागदावरची एकच ओळ दाखवत गेले.

चौहद्दी. पश्चिमेस गुमटी, म्हणजे टपरी. उत्तरेस रस्ता. दक्षिणेस नाली. पूर्वेस, माझं नाव, माझ्या बापाचं नाव, यांची नर्सरी.

नऊ वर्षं. मी सही केली नाही म्हणून त्यांनी मला शेजाऱ्याच्या कागदात लावून ठेवलं होतं, आणि मला एका शब्दाने कळू दिलं नव्हतं. मी ऐटीत बिनअर्जाचा म्हणून मिरवत होतो आणि दर एक एप्रिलला माझं नाव रजिस्टरात चढत होतं.

मग त्यांनी ती चुरगळलेली चिठ्ठी पुढे ठेवली आणि पंचनाम्याशेजारी तिची तारीख जुळवली. इतकंच म्हणाले, "जागा रिकामी होती, साहेब, कारण तिच्यावरची फुलं तुमच्या मंचावर होती."

तरुण साहेब हसला नाही. त्याने चिठ्ठी उचलून वास घेतला. गुलाबाचा वास येत होता तिला, मलाही आला. त्याने पंचनामा रद्द केला. नाली आमच्या मागे होती तिथेच राहिली, रस्ता समोरच्या बाजूने वाढला. आम्ही अकराच्या अकरा राहिलो.

परत येताना आम्ही एकाच बसमध्ये होतो. ते खिडकीबाहेर बघत होते. तुळशीनगरचा स्टॉप आला तेव्हा म्हणाले, इथल्या क्वार्टरात आम्ही एक मोगरा लावला होता, बायकोने आणि मी. क्वार्टर सोडायचं झालं तेव्हा तो उपटून न्यावा म्हटलं, तर जमीन सरकारची, झाडही सरकारजमा. नंतर एकदा बघायला गेलो, तर नवीन माणसाने त्या जागी स्कूटर उभी केली होती. मला वाटतं आमच्यासाठी ते बसस्टॉप सोडून का आले, ते मला त्या दिवशी समजलं.

मी त्यांना पावसाळ्यात मोगऱ्याचं रोप द्यायला काढलं. ते मागे सरले नाहीत. म्हणाले, "घरी गच्ची आहे, तीही भाड्याची. इथेच लावा. आणि कुंडीत नको, जमिनीत लावा. जमिनीतलं असलं की पंचनाम्यात येतं." खड्डा मी केला. माती त्यांनी लोटली. मग हात धुतले आणि परत पाठीमागे बांधले.

त्यानंतर मी दर वर्षी सही केली. अर्ज ते लिहायचे, मी खाली नाव काढायचो. ते म्हणायचे, एक वर्ष तुम्ही स्वतः लिहा. मी म्हणायचो, तुम्ही आहात ना. ते म्हणायचे, मी बदलीचा माणूस, किती वेळा सांगू? मी ऐकलं नाही. ऐकणं माझ्या स्वभावातच नाही.

पुढे त्यांना दिसायला कमी लागलं. पुतण्या त्यांना नागपूरला घेऊन गेला. तिथून पोस्टाने अर्ज यायचे, अक्षर ओळीवरून खाली घसरलेलं, आम्ही सह्या करून दफ्तरात द्यायचो. मंगळवारी अकराला फोन यायचा. हॅलो नाही, तब्येत नाही. एकच प्रश्न, "आहे का?" मोगऱ्याबद्दल. मी म्हणायचो, आहे. "नोंद घेतली," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. गेल्या साली फोन यायचे बंद झाले. मी लावला तर पुतण्या म्हणाला, काका आता कोणाला ओळखत नाहीत. तरीसुद्धा मंगळवारी अकराच्या बसकडे मी बघतोच. उतरणारी माणसं मोजत नाही, नुसतं बघतो. बायको म्हणते, आता कोण येणार आहे. मी म्हणतो, मी रस्ता बघतोय, माझा रस्ता आहे.

यंदा, दोन हजार पंचवीसला, मार्चच्या एकतीस तारखेला ईदची सुट्टी होती. रशीदभाईंकडून शेवया खाऊन आलो तर नर्सरीत पुतण्या उभा. खांद्याला मोठी पिशवी. काका महिन्यापूर्वी गेले म्हणाला. झोपेतच. कळवायचं राहिलं. पिशवी खाली ठेवून म्हणाला, कागदांवर पिपलानी लिहिलंय, म्हणून आणले. अकरा गठ्ठे होते, लाल फितीचे. सर्वांत वरचा माझा. त्यात वरती कोरा कागद लावलेला होता आणि कोपऱ्यात पेन्सिलीने, घसरत्या अक्षरात, फक्त "दिनांक" लिहून पुढे जागा सोडलेली.

पुतण्याने मोगरा बघितला, विचारलं, हाच का तो? मी म्हटलं, हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी घालायच्या आधी बसलो आणि अर्ज लिहिला. हिंदीत, दफ्तराला तीच कळते. तीन कागद फाडले. "सेवा में" लिहिलं. चौहद्दी लिहिली, पश्चिमेस रशीदभाईंची नर्सरी, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस नाली, पूर्वेस बसस्टॉप. खाली एक ओळ वाढवली, मधे जमिनीत एक मोगरा, वय बारा वर्षं. "प्रार्थी" लिहून सही केली. बाकी दहा जणांचे अर्जही लिहून, सह्या घेऊन बरोबर घेतले आणि दफ्तर उघडायच्या आधी दारात जाऊन बसलो.

खिडकीतल्या मुलीने कागद वर-खाली बघितला. म्हणाली, "चाचा, इसमें आपकी माँग क्या है?"

मी म्हटलं, "कुछ नहीं, बेटा. नोंद करा."

तिने शिक्का मारला. नंबर मी तळहातावर उतरवून घेतला, परत येऊन रोपांना नावं लावतो तशा पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने कोरला आणि पट्टी मोगऱ्याच्या बुडाशी खोचली. कळ्या आल्या होत्या. वार मंगळवार होता, आणि अकरा वाजायला थोडा वेळ होता, म्हणून मी तडकलेली कुंडी उलटी केली, पुसली, आणि बसस्टॉपकडे तोंड करून ठेवली.